हालाँग बे : रात्रीचं क्रूझ की दिवसाची बोट? (आईचे गुडघे + सगळे शाकाहारी)

निवांत_नाशिककर :
नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की व्हिएतनामला जायचं घाटतंय, तिकिटं अजून काढली नाहीत म्हणून आधी इथे विचारतोय. मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. बाबा पंचाहत्तरीला आलेत पण अजून पांडवलेणी न थांबता चढतात त्यामुळे त्यांची काळजी नाही, आईचं मात्र अवघड आहे, सपाटीवर तासभर आरामात चालते पण पायऱ्या आल्या की गुडघे बोलायला लागतात, उतरताना तर जास्तच.

हनोईहून हालाँग बे करायचंच आहे, ते समुद्रातून वर आलेले सुळके आणि त्यातल्या गुहा बाबांना कधीपासून बघायच्यात. पण टूरवाले दोन तऱ्हेचं सांगतायत, एक म्हणजे हनोईहून सकाळी निघून रात्री परत, आणि दुसरं म्हणजे बोटीवर एक मुक्काम. पैशात तिप्पट फरक. बोटीवर झोपण्यात खरंच काही अर्थ आहे का की नुसतं फोटोपुरतं? आईला किती गोष्टी जमतील? बोट लागते का (बायकोला घाटात गाडी लागते)? आणि आम्ही सगळे शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, तर समुद्रावर खायचे वांधे होतील का? इथल्या एका टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणे "सर सगळं होतं तुम्ही फक्त अ‍ॅडव्हान्स टाका", म्हणून इकडे आलो.

डबा_घेऊन_भटकंती :
आम्ही सासूबाईंना घेऊन केलंय, म्हणजे गुडघ्यांचा विषय अगदी जवळचा :) सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, समुद्र आणि सुळके बघायला एकही पायरी लागत नाही. डेकवर खुर्ची टाकून बसलं की बोट हळूहळू त्या डोंगरांच्या मधून जात राहते आणि सगळं आपोआप समोर येतं. पायऱ्या येतात त्या गुहांना आणि व्ह्यूपॉइंटला. त्यामुळे आईंना जमेल का हा प्रश्न बोटीला विचारायचा नाही, रूटला विचारायचा, म्हणजे बोट कुठे कुठे थांबते ते.

मोठी गुहा म्हणजे सुंग सोत. धक्क्यावर उतरलं की आधी दगडी पायऱ्यांचा बऱ्यापैकी खडा चढ आहे, मग आत गेल्यावर पुन्हा वर खाली वर खाली, वाट बांधीव आहे पण ओलसर असते, साधारण अर्धा किलोमीटर. पहिलं दालन बघून माणूस म्हणतो ठीक आहे, आणि मग एक वळण घेऊन दुसऱ्या दालनात शिरलं की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात इतकं ते प्रचंड आहे. पण मुख्य मुद्दा हा की वाट एकेरी आहे, आत शिरायचं एका तोंडाने आणि बाहेर यायचं दुसऱ्या. मागून ग्रुपवर ग्रुप येत असतात, गाइड लोक झेंडे नाचवत पळवत असतात, त्यामुळे अर्ध्यातून "मी परत जाते" हे होत नाही. सासूबाई पहिला चढ बघूनच म्हणाल्या तुम्ही या जाऊन, आणि खाली सावलीत बसून राहिल्या, त्याचं त्यांना काही वाईट वाटलं नाही, उलट एका कोरियन आजीबरोबर खाणाखुणांनी नातवंडांचे फोटो बघून झाले.

दुसरं तीतॉप बेट. तिथे वर चढायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, वरून व्ह्यू कमाल आहे, कॅलेंडरवर असतो तो हाच. तुमच्या बाबांना एकदम फिट. आईंसाठी खाली छोटा बीच आहे. हे बेट ज्याच्या नावाने आहे तो तितोव्ह नावाचा रशियन अंतराळवीर, १९६२ मध्ये हो ची मिन्ह त्याला इथे घेऊन आले होते, खाली त्याचा पुतळा पण आहे.

आणि जिचा कुणी उल्लेखच करत नाही ती खरी अडचण म्हणजे बोटीवरून बोटीत जाणं. मोठी क्रूझ सगळीकडे धक्क्याला लागत नाही, लहान बोट येते बाजूला आणि आपण कडेच्या जिन्याने खाली उतरून त्यात पाय टाकायचा. दोन्ही बोटी थोड्या वेगवेगळ्या हलत असतात, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. क्रूची पोरं दोन्हीकडून दंड धरतात, पडायला देत नाहीत, पण ज्याला गुडघा वाकवायचीच भीती त्याचा जीव तिथे वर खाली होतो. हे दिवसात चार सहा वेळा करायचं असतं. तर बुकिंग करताना विचारा की खालच्या डेकवरची केबिन मिळेल का आणि जेवायचा हॉल कितव्या मजल्यावर. जुन्या बोटींचे जिने अरुंद आणि उभे असतात. नव्या मोठ्या क्रूझवर काही ठिकाणी लिफ्टपण आहे, महाग पडतात पण तुमच्या केसमध्ये पैसे वसूल.

रात्र की दिवस? दिवसाच्या ट्रिपमध्ये हनोईपासून जाऊन येऊन पाचेक तास गाडीतच जातात, आणि वर हायवेवर मोत्यांच्या शोरूमला सक्तीचा थांबा, वीस पंचवीस मिनिटं, बाथरूम तिथेच असल्यामुळे उतरावंच लागतं. पाण्यावर मिळतात ते जेमतेम पाच सहा तास आणि त्यातच गुहा, कयाक, बेट, जेवण सगळं कोंबलेलं. ज्येष्ठ लोकांसाठी मुक्कामच बरा, घाई नसते एवढंच त्याचं कारण, रोमँटिक बिमँटिक सोडा.

डोंगरवेडा :
माझं मत थोडं वेगळं. हालाँगचं आता पार जत्रा झालीय, सकाळी सुंग सोतमध्ये दादर स्टेशनचा पूल परवडला. गुहेत लाल निळे हिरवे लाइट लावून ठेवलेत. त्यापेक्षा थायलंडला जा, फुकेतहून फांग न्गा बे करा. तसेच सुळके, तसंच हिरवं पाणी, आणि तिथल्या गुहांची वेगळीच गंमत आहे. बेटाच्या पोटात आरपार भुयार असतं, ओहोटीच्या वेळी रबरी कयाकमध्ये उताणं झोपून नाकासमोरून छत सरकताना बघत आत जायचं, वटवाघळांचा वास, अंधार, आणि एकदम बाहेर पडतो ते वर आभाळ उघडं असलेल्या गोल चौकात, चारी बाजूंनी कडे आणि मध्ये खारफुटी. वल्हवायला गाइड असतो, आपण नुसतं पडून राहायचं, गुडघ्यांना काही काम नाही.

फक्त जेम्स बाँड आयलंडच्या नादाला फार लागू नका. तो वीसेक मीटरचा सुळका लांबूनच बघायचा असतो, १९९८ पासून बोटींना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत, खालून झिजत चाललाय म्हणून. बाकी किनारा म्हणजे शंखशिंपल्यांची दुकानं. त्यापेक्षा जवळच कोह पान्यी म्हणून मुस्लिम कोळ्यांचं गाव आहे, अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं, आणि पोरांना खेळायला तरंगतं फुटबॉल ग्राउंड. नोव्हेंबरपासून तिकडचा सीझन चालू होतो, तुमच्या तारखांत बसतंय.

मालवणी_तिरफळ :
डोंगरवेडा, ते उताणं झोपून आत जाणं सत्तरीच्या माणसाला कयाकमधून उठताना कळतं :D समुद्राच्या पातळीला बसल्यावर उठायला धरायला काहीच नसतं. पण भरती-ओहोटीचा मुद्दा बरोबर काढलात, त्यावर थोडं लिहितो कारण आम्ही दर्याकाठचे, आमचं पहिलं लक्ष तिकडेच जातं.

आपल्याकडे कोकणात दिवसातून दोनदा भरती दोनदा ओहोटी. हालाँगला तसं नाही, तिथे दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी, टाँकिनच्या आखाताचा आकारच असा आहे की बाकीचं मरून जातं. आणि फरक चांगला तीन साडेतीन मीटरपर्यंत जातो. म्हणजे पाणी चढलं की ते तासन् तास चढलेलंच. आता लुऑन नावाची जी गुहा आहे, म्हणजे गुहा कसली, बेटाला पडलेलं भोकच, त्यातून बांबूच्या होडीने पलीकडच्या बंद तळ्यात जातात, तिथे पाणी भरलेलं असेल तर डोक्यावर कमी जागा राहते. पण होडी वल्हवायला तिथल्या बायका असतात, बसून राहायचं, पायऱ्या शून्य. तुमच्या आईंना गुहा दाखवायचीच असेल तर ही दाखवा. होडीत उतरताना मात्र मघाशी वर लिहिलंय तीच काळजी.

कडे बघाल तेव्हा पाण्याच्या रेषेवर नीट बघा. प्रत्येक बेटाला खाली कंबरेत आत गेलेली खाच आहे, वरचा दगड छज्जासारखा पुढे आलेला. ओहोटीला ती खाच पूर्ण उघडी पडते आणि खाली कालवं चिकटलेली दिसतात, भरतीला बेट नुसतं पाण्यावर ठेवल्यासारखं वाटतं. एकाच जागेचे सकाळ संध्याकाळचे फोटो काढा, फरक कळेल. मुक्कामाच्या बोटीचा हा एक फायदा.

बोट लागण्याचं म्हणाल तर वहिनींना घाबरू नका म्हणावं. बेटांची एवढी दाटी आहे की लाटेला दम धरायला जागाच नाही, रात्री नांगरलेली बोट हलतेय हे कळत पण नाही. मांडवा लाँच ज्याने पचवलीय त्याला हे काहीच नाही.

आता गंभीर. हवामान हलक्यात घेऊ नका. जुलै २०२५ मध्ये हालाँगलाच एक पर्यटकांची बोट अचानक आलेल्या वादळी पावसात उलटली, पस्तीसच्या वर माणसं गेली, भर दुपारी. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात यागी टायफून सरळ याच किनाऱ्यावर येऊन आदळलं होतं. तुम्ही नोव्हेंबरात जाताय म्हणजे वादळांचा मोठा हंगाम उलटून गेलेला असतो, पण एखादं उशिराचं निघतंच. बंदरवाले धोका वाटला की बोटी सोडत नाहीत, आणि असं झालं तर एजंटशी भांडू नका, घरी सुखरूप जायचंय. बोटीत चढल्यावर पहिलं काम लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघणं, आणि मुलाच्या मापाचं आहे का ते घालून बघणं. आणि हालाँग हनोईतल्या पहिल्याच दिवसांत उरका, शेवटच्या दिवसावर ढकलू नका, म्हणजे रद्द झालं तर सरकवायला जागा राहते.

हनोईत_बदली :
कंपनीने इथे पाठवलंय, भारतातून पाहुणे आले की हालाँग ड्यूटी माझ्यावर, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

गर्दीचं डोंगरवेडा म्हणतात ते खरं आहे पण त्याचा इलाज थायलंड नाही, इलाज लान हा बे आहे. हालाँगला लागूनच दक्षिणेला, कात बा बेटाच्या बाजूला, तोच दगड तेच पाणी, नुसती हद्द वेगळी. युनेस्कोच्या यादीत हालाँग १९९४ पासून आहे, २०२३ मध्ये कात बाकडचा भागपण त्यात जोडला. तिकडे जाणाऱ्या बोटी तुलनेने कमी, आणि रूटमध्ये मोठ्या चढाची गुहा बहुतेक नसतेच, त्याऐवजी सांग तोई म्हणजे अंधाऱ्या-उजेडाच्या गुहांमधून कयाक किंवा होडी, आणि काही बोटी व्हिएत हाय नावाच्या गावात नेतात. ते गाव डोंगरांच्या मध्ये सपाटीवर आहे, रस्ता सरळ, चालायचं नसेल तर बॅटरीच्या गाड्या मिळतात. आई त्यात, मुलगा आणि बाबा सायकलवर. माझी शिफारस हीच. पण सुंग सोतसारखं भव्य दालन लान हाच्या रूटवर मिळणार नाही, तेवढी तडजोड. बाबांना गुहाच बघायच्या असतील तर घरात बसून ठरवा कुणाचं ऐकायचं ते :)

किंमत विचारताना कुठल्या बंदरातून बोट सुटते आणि हनोईहून ने-आण धरून आहे का ते विचारा. मुक्कामाचं साधारण बरं क्रूझ माणशी दीडशे डॉलरच्या आगेमागे पडतं, त्याच्या खूप खाली कुणी देत असेल तर बोट जुनी असणार असं समजा. मुक्काम म्हणजेसुद्धा प्रत्यक्षात दुपारी बाराला चढायचं आणि दुसऱ्या दिवशी दहा अकराला खाली, चोवीस तास पण नाहीत, उगाच "दोन दिवस एक रात्र" वाचून फसू नका.

जेवण. बोटीवर डिफॉल्ट सगळं कोळंबी, कालवं, मासे. पण आधी कळवलं तर शाकाहारी देतात, आता इतके भारतीय येतात की बऱ्याच बोटींवर डाळ-भातपण मिळतो, चवीची हमी नाही. इथे लोकांना व्हेज म्हणजे मांस नाही एवढंच कळतं, वरून माशाचा सॉस सगळ्यात पडतो, परतलेल्या भाजीत सुद्धा, म्हणून "आन चाय" म्हणा, म्हणजे बौद्ध लोक उपवासाला खातात तसं. मग मासा, सॉस सगळं जातं. अंड्याचं वेगळं सांगा. फोनवर व्हिएतनामीत लिहून ठेवा, "अंडं नको, फिश सॉस नको", आणि बोटीवर चढल्या चढल्या मॅनेजरला दाखवा, जेवायला बसल्यावर नाही. थेपले, चटणी, लाडू असू द्याच. रात्री मागच्या डेकवर स्क्विड पकडायचा कार्यक्रम असतो, पाण्यात हिरवा दिवा सोडतात आणि पाहुणे गळ घेऊन तासभर उभे, आजवर माझ्या एकाही पाहुण्याने एकही पकडलेला नाही, त्यामुळे शाकाहारी लोकांनी निर्धास्त भाग घ्यावा.

अजून एक. आईंसाठी खरी गुहेची मजा हवी असेल तर निन्ह बिन्ह जोडा, हनोईपासून शंभरेक किलोमीटर, तिथे हेच सुळके पण समुद्राऐवजी भातखाचरांत आणि नदीत. ताम कॉकला छोट्या होडीत दोघं बसायचं, वल्हवणारी बाई चक्क पायांनी वल्हं मारते, आणि नदीच डोंगराखालून जाते अशा तीन गुहांमधून जाऊन परत यायचं. एकदा बसलं की उठायचं नाही. मधे वळायच्या जागी होड्यांतून कोल्ड्रिंक विकणाऱ्या मागे लागतात, "तुमच्या वल्हेवालीला घ्या" म्हणून, हसून नाही म्हणा आणि शेवटी तिला सरळ टिप द्या. नोव्हेंबरात खाचरं रिकामी असतात, पिवळं सोनं बघायचं तर मे अखेर, पण तेव्हाचा उकाडा तुमच्या आईंना नको.

खडकपारखी :
उशिरा आलो, ट्रिपचं सगळ्यांनी सांगितलंच आहे, मी दगडाचं सांगतो कारण मूळ प्रश्नात बाबांचा उल्लेख आहे आणि त्यांना हे आवडेल असं वाटतं.

आपण पांडवलेणी, अजिंठा, वेरूळ बघून वाढलो, त्यामुळे गुहा म्हटलं की छिन्नी-हातोडा घेतलेला माणूस डोळ्यासमोर येतो. आपला बेसाल्ट पावसात असा विरघळत नाही, त्यात पोकळी हवी तर कुणीतरी खोदावी लागते. हालाँगचा दगड चुनखडक, समुद्रतळाशी साचलेला, पंचवीस ते चौतीस कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्री त्यापुढे पोरसवदा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि भेगांतून झिरपताना चुना विरघळवत जातं. आधी गुहा झाल्या, मग छतं कोसळली, मधला भाग वाहून गेला, उरले ते सुळके. हिमयुगात समुद्र कितीतरी खाली होता तेव्हा हे सगळं कोरडं होतं, लोक चालत फिरत असतील त्या डोंगरांमधून. नंतर पाणी वर आलं आणि डोंगरांची बेटं झाली. थोडक्यात ती बोट बुडालेल्या दऱ्यांमधून जाते. मालवणी_तिरफळ म्हणतात ती खाच म्हणजे आत्ताचा समुद्र काम करतोय त्याची जागा.

शाळेत अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ पाठ केले होते, वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे, ते सुंग सोतमध्ये हातभर अंतरावर दिसतात. हात लावू नका आणि मुलालाही सांगा, आपल्या हाताचं तेल बसलं की तिथे चुना धरत नाही, वाढ थांबते. लोकांनी हात लावून लावून काळे तुळतुळीत केलेले खांब वाटेशेजारी आहेतच. आणि रंगीत लाइटबद्दल डोंगरवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. दिव्याच्या शेजारी दगडावर हिरवट डाग दिसले तर ते शेवाळ आहे, अंधारातल्या गुहेत ते उगवलंच नसतं, दिव्यांनी आणलं. आपल्याकडे आंध्रात बोरा गुहेतही चुनखडकच आहे, अराकूला कुणी गेलं असेल तर ओळख पटेल.

निवांत_नाशिककर :
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले, त्यांनी खडकपारखींचा दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले सुंग सोत बघायचीच. आई म्हणते मला तुमच्या गुहेत रस नाही, मला ती पायाने वल्हवणारी बाई बघायचीय. त्यामुळे आता असं चाललंय : हनोईत उतरून एक दिवस आराम, मग लगेच सुंग सोत आणि लुऑन दोन्ही असलेल्या रूटचं मुक्कामाचं क्रूझ (लिफ्टवालं बघतोय), मग निन्ह बिन्ह, आणि परत हनोईत दोन दिवस मोकळे, बोट रद्द झाली तर सरकवायला. फांग न्गा पुढच्या वेळी, आम्ही दोघंच.

दोन शेवटचे प्रश्न. सुंग सोतला आम्ही गेलो तर आईला मोठ्या बोटीवरच थांबू देतात ना? आणि व्हिसाचं एजंटकडे देऊ की आपण करता येतो?

डबा_घेऊन_भटकंती :
थांबू देतात, आदल्या रात्री गाइडला सांगून ठेवा. फक्त बोटीचं शेड्यूल बघा, काही बोटी गुहा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर घेतात आणि आल्या आल्या केबिन रिकाम्या करायला लावतात, तर आईंची बॅग आधीच भरून ठेवा.

हनोईत_बदली :
व्हिसा स्वतः करा, ई-व्हिसा आहे, एका एंट्रीचे २५ डॉलर. सरकारी साइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट व्हीएन असा संपतो, गुगलवर वर येणाऱ्या बाकीच्या सगळ्या एजंटांच्या. पासपोर्टवर नाव जसं छापलंय तसंच्या तसं टाका, आईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर ते आत्ताच बघा, आमच्या एका पाहुण्यांचं त्यावरूनच पुन्हा भरावं लागलं आणि पहिली फी काही परत मिळाली नाही. हालाँग-बिलाँग बुक करण्याआधी हे करा.